उंबऱ्यावरचं पाऊल

१२ ऑगस्ट. कामं दोन: भाऊंचं टेबल रिकामं करायचं आणि त्यांची चाचणी नव्या मशीनवर चढवायची.

"थांबला काय गो?" हे त्यांचं वाक्य. लिफ्ट असो, सिग्नल असो, प्रश्न तोच. घर लालबागच्या चाळीत, बोली मालवणी, नोकरी आमच्या परळच्या ऑफिसात. काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं. तुमच्याही ऑफिसात असा एक असेल, ज्याचं काम कुणाला कळत नाही आणि ज्याच्यावाचून अडतं.

त्यांना कंपवात झाला. हात थरथरायचा, आणि दारात आले की पाय जमिनीला चिकटायचे. आमचं काचेचं दार माणूस दिसला की आपोआप उघडतं. भाऊ उंबऱ्यावर खिळलेले, दार उघडंच. "दाराक धीर आसा हां," म्हणायचे.

त्याच सुमारास डिबगर बिघडला. डिबगर, म्हणजे चुका शोधायचं साधन, चालता प्रोग्राम गोठवून ठेवतो. बटण एकदा दाबलं की एकच सूचना पुढे जायचं आणि थांबायचं. हा अधूनमधून दोन जाऊ लागला. मधलं पाऊल कुणीच पाहिलेलं नसायचं.

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, बटण दोनदा दाबलं जातंय. हात बघा ना त्यांचा. कर्नलवरून काढूया त्यांना."

भाऊंनाही तसंच वाटायला लागलं होतं. "मशिनाक माझा दुखणा लागला," म्हणाले. हसले नाहीत.

मी त्यांच्या शेजारी बसले. "हात मांडीवर ठेवा, भाऊ." साहेबांना मागे उभं केलं आणि बटण एकदाच दाबलं. पडद्यावरची खूण एक ओळ ओलांडून पलीकडे जाऊन थांबली.



"बोट तुझा," भाऊ हळूच म्हणाले, "पावला दोन."

साहेब "सॉरी, भाऊ" म्हणून निघून गेले. भाऊ दाराकडे बघत बसले.

"मी खंय अडाकतंय गो?"

"दारात."

"ह्या थंयच थांबना नाय."

तेच निघालं. प्रोग्राम काही कामासाठी कर्नलच्या आत जायचा आणि परत येताना उंबऱ्यावर न थांबता एक पाऊल बाहेर टाकायचा. भाऊंनी चार ओळी लिहिल्या: उंबऱ्यावरच थांब. सोबत ते थांबणं तपासणारी एक चाचणीही. मी पुन्हा बटण दाबलं.

"थांबला काय गो?"

"थांबलं हो."

मे महिन्यात भाऊ गेले. तेव्हापासून आमचं दार मधूनच उघडतं. समोर माणूस नसतो. थोडा वेळ उघडं राहतं, मग मिटतं. सेन्सरवाला येऊन गेला, सगळं ठीक म्हणाला. मी भुतंखेतं मानत नाही. पुन्हा तक्रार नोंदवली.

१२ ऑगस्टला भाऊंचं टेबल रिकामं करतानाही ते उघडलं आणि बराच वेळ तसंच राहिलं. मी बामची बाटली आणि चष्म्याचं घर खोक्यात भरत राहिले. नवं मशीन तयार व्हायला संध्याकाळ झाली, चाचणी राहिली. तिच्यात ते पाऊल पुन्हा निसटलं, तर भाऊंच्या ओळी काढून टाकायच्या असं साहेबांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेले. ऑफिसात मी एकटीच. चाचणी लावली, बटण एकदा दाबलं. खूण उंबऱ्यावर थांबली.

पाठीमागे दार उघडल्याचा आवाज आला. मी वळले नाही.

"थांबलं, भाऊ," मी म्हटलं. "या आत." आणि शेजारची खुर्ची थोडी मागे ओढली.

दार मिटलं. मग मी सेन्सरची तक्रार मागे घेतली.