मेंदूसरांची बोलती

उंब्रजच्या हायस्कुलात आम्हाला विज्ञान शिकवणारे मेंदूसर कुणाला साधी शिवी देत नसत. मेंदूच्या भागावरून देत. सायकलवरून पडलेल्याला विचारत, "लहान मेंदू घरी इसरलास व्हय रं? तोल त्यो सांभाळतोय, तुजी चप्पल न्हाई." फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेणाऱ्याच्या डोक्याला मागून टिचकी मारत, "नुसत्या डोळ्यानं दिसत न्हाई गड्या, दिसतंय हितनं, मागनं." मागच्या बाकावरच्या आम्हा निवडक मंडळींसाठी मात्र खास पदवी राखून ठेवलेली होती. "ह्यांचं मस्तिष्कपुच्छ तेवढं चालू हाय. श्वास चाललाय, काळीज धडधडतंय, वरच्या मजल्यावर कोण न्हाई." तेवढ्याच भांडवलावर मी पुढे कराडात टायरचं दुकान टाकलं, त्यामुळे त्या पुच्छाला मी तरी कमी लेखत नाही.

मोठा मेंदू शिकवायचा दिवस आला की सर बाजारातून फ्लॉवरचा गड्डा आणत. मधोमध चिरून सांगत, "डावा भाग उजव्या हाताचा मालक, उजवा भाग डाव्या हाताचा. सरकारी कारभार हाय, कागद उलट्या टेबलावर जातो." तो मेंदू वर्गभर फिरून संध्याकाळी सरांच्या घरी काकूंच्या कढईत कांदा-लसूण मसाल्यात पडे. काकू म्हणायच्या, "आवं, एकदा तरी पोरांनी न कुस्करलेला मेंदू आणा की!"

निवृत्तीनंतर वर्ग गेला, पण सरांनी गाव धरलं. बारसं असो की दहावा, ते उभे राहून बोलणार म्हणजे बोलणार. गणपतीच्या वर्गणीवरून दोन मंडळं हातघाईवर आली तेव्हा मध्ये घुसून त्यांनी मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते आणि राग तिथून उठतो, हे सविस्तर सांगितलं. "बदाम म्हणतोय हाण, कपाळामागचा मेंदू म्हणतोय थांब. तुमी कुणाचं ऐकणार?" पोरं कंटाळून घरी गेली, म्हणून भांडण मिटलं. सर ते श्रेय विज्ञानाला देत. घरी चहा गार मिळाला की मात्र त्यांचा स्वतःचा बदाम साऱ्या आळीला ऐकू येई.

तीन-चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातला कप सुटला आणि तोंड वाकडं झालं. माझ्याच गाडीतून त्यांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. डाव्या बाजूला, जिथं बोलणं जुळतं, नेमका तिथलाच रक्तपुरवठा तुटला होता. कानावर पडलेलं बरंचसं कळत होतं, पण तोंडून शब्द येत नव्हता. सरांनी फोटोवर त्या जागी डाव्या हाताचं बोट ठेवलं. आयुष्यभर पोरांना शिकवलेला भाग त्यांनी बरोबर ओळखला; फक्त त्याचं नाव सांगता येईना.

उरले दोनच शब्द: "बस खाली!" पाणी हवं, बस खाली. दुखतंय, बस खाली. तपासायला आलेले मोठे डॉक्टर एकदा खरंच बसले. आम्ही हसलो, सरही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. बोलणं हाच ज्यांचा श्वास, त्यांचं ते रडणं मला पाहवलं नाही.

बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज येत. काकूंकडे बोट करून विचारत, "या कोण? नाव सांगा." सर घामाघूम होत आणि शेवटी काकूंनाच खाली बसवत. काकू तोंडाला पदर लावत. "मला वळखत्यात का, तेवढं तरी कळू द्या वो बाई," त्या एकदा म्हणाल्या. बाईंनी समजावलं की पाठ असलेलं, चालीत म्हटलेलं कधी कधी मेंदूच्या दुसऱ्या वाटेनं बाहेर येतं. उजव्या बाजूचीही त्याला मदत होते. आणि खरंच, सरांनी बेचा पाढा घडाघडा म्हटला. नाव मात्र येईना.

येणार तरी कसं? सरांच्या पिढीत बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. "अगं ए" एवढ्यावर त्यांनी संसार केला होता. नाव घेतलं ते एकदाच, लग्नात घास भरवताना. काकूंनी माझ्याकडे पाठ केली आणि हळूच सुरू केलं, "कोयना मिळाली कृष्णेला कराडच्या घाटी..."

सरांचे डोळे मोठे झाले. "शालनचं नाव घेतो तुमच्या आग्रहासाठी!"

सगळ्या वॉर्डानं ऐकलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "वा! पुन्यांदा!" मी बाहेर जाऊन मनसोक्त रडलो.

घरी आल्यावर सरांचं सगळं त्या उखाण्यावरच चाले. चहा, पंखा, चष्मा, प्रत्येकाला कोयना कृष्णेला मिळे. चिडले तर तोच उखाणा दरडावून म्हणत. "आवं, हळू! लोकं ऐकत्यात," काकू स्वयंपाकघरातून लाजून ओरडत, पण पहिल्या हाकेला बाहेर येत नसत, दुसऱ्यांदा म्हणू देत.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. दिवसपाण्यानंतर मी जाऊन विचारलं, "काकू, काय हवं-नको?"

"काय नगं रं," काकू म्हणाल्या. "पोरं आई म्हणत्यात, आळी काकू म्हणती. शालन म्हणणारं आता कोण न्हाई."