कापलेला कोपरा

ताईला सातवा महिना होता. आधीचं बाळ सहाव्यातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं. तिच्या मनाला जराही धक्का नको, असं आमच्या घरात सगळे हळू आवाजात बोलायचे. मला तेवढंही बोलता यायचं नाही. मी कागद कापत बसले. जुन्या लग्नपत्रिका, मिठाईच्या खोक्यावरचा चमकीचा कागद, फाटके पतंग. आईच्या गोधडीसारखी त्रिकोणाला त्रिकोण भिडवून एका पोस्टकार्डावर ठिगळं चिकटवली. मागे ताईच्या सासरचा पत्ता आणि खाली दोन ओळी, सगळं इंग्रजीत. मराठी लिहायची मला लाज वाटायची. खळ जास्त झाल्यामुळे एक कोपरा फुगला, तो कात्रीनं तिरका कापून टाकला आणि कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकून आले.

दुसऱ्या दिवशी आई तांदूळ निवडत असताना कौतुक करून घ्यायला मी सगळं सांगितलं, कोपऱ्यासकट.

"कोपरा कापलास? कार्डाचा?"

कुणी वारलं तर कळवायच्या पत्राचा कोपरा फाडतात, तसलं पत्र घरातही घेत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. बाबांना नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला होता. ताई काय समजेल ते आईनं बोलून दाखवलं नाही. तांदळाचं सूप तसंच ठेवून तिनं चपला घातल्या.

ताईच्या चाळीत फोन नव्हता. जोगेश्वरीहून दहिसरला जाणाऱ्या बसमध्ये आम्ही बसलो. प्रत्येक सिग्नलला मला तो पोस्टमन जिना चढताना दिसत होता. ताई ओरडली तर, पडली तर. तिकिटाची घडी घालून उलगडून ते फाटायला आलं.

ताईची सासू दारातच बसली होती. कार्ड बाहेर मीटरच्या पेटीवर, दगडाखाली. इंग्रजी तिला येत नव्हतं. वाचता आला तो फक्त कोपरा. मुलगा कामावरून येईपर्यंत ती सुनेला बाहेर येऊ देत नव्हती. आम्हाला बघून ती उठली, पण पुढे आली नाही.

"विहीणबाई, कोण गेलं?"

"कुणी नाही हो. हिचा वेडेपणा. इंग्रजी शाळेत घातली ना."

सासूनं दगड बाजूला सारून कार्ड उचललं. मग आत जाऊन वाटीत भाताची शितं आणि जुन्या पत्रिकेचा तुकडा घेऊन आली आणि सगळं माझ्यापुढे ठेवलं. मी उंबऱ्याबाहेर बसून कोपरा चिकटवला. तुकडा वाकडाच बसला. तो सुकल्यावरच तिनं कार्ड आत नेऊ दिलं.

ताई पडल्या पडल्या ते उलटसुलट करून बघत हसली.

"हा एवढाच तुकडा वेगळा का गं?"

ताईचा हात पोटावर होता, आणि मी त्या हाताकडेच बघत राहिले.