कोरड्या डोळ्यांची भावकी

आईशप्पथ, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक गोष्ट सोडून! ती कोणती, ते शेवटी सांगेन. आमच्या असोद्याच्या भावकीत चारजण जमले की डोळे चोळतात आणि किस्से सांगतात. दोन्ही थांबत नाहीत. डोळ्यांचा कोरडेपणा आमच्या रक्तातच आहे!

*

माझे थोरले भाऊ नाना. एरंडोलला मुलगी बघायला गेले, तेव्हा त्यांचे डोळे लालभडक. सासरेबुवा पुन्हा पुन्हा गळाभेट घेऊ लागले. नाना खूश! लग्नानंतर वहिनींनी सांगितलं, "प्रेम नव्हतं हो, तोंडाचा वास घेत होते!"

*

अक्का, आमची आत्या. तिचे सासरे वारले. दारात येणारी प्रत्येक बाई हंबरडा फोडत होती आणि अक्काचा पदर कोरडाच. बायका कुजबुजायला लागल्या. अक्का कडाडली, "मोटर चालू शे वं, बोरलेच पाणी नही!"

*

शेवटी जळगावचा डोळ्यांचा डॉक्टर गाठला. अश्रू मोजायला त्याने खालच्या पापणीत कागदाच्या पट्ट्या अडकवल्या. नाना, अक्का, नानांची लेक पूनम आणि मी, बाकावर ओळीने, डोळ्यांतून कागद लोंबतायत!

"घरात अजून कोणाला?"

"कोणाला नाही ते विचारा," नाना म्हणाले.

डॉक्टर पुढे सरकून बसला. "काही घराण्यांत हा कल जन्मापासून असतो. पण सगळं रक्तावर ढकलू नका. धूळ, ऊन, मोबाईल, हेही असतंच."

"माझ्या माहेरचं काही नाही हं यात!" वहिनी म्हणाल्या आणि पुराव्यादाखल तिथल्या तिथे घळाघळा रडून दाखवलं.

*

पूनमचं धुळ्याला जमलं, तोवर हे सगळं हसण्यावारी होतं. मुलाच्या आजीच्या कानावर आमचा लौकिक गेला. "माहेर सोडतांना जी रडी नही, ती आमले काय जीव लावी?" म्हातारी अडून बसली. मुलाने कशीबशी समजूत काढली, पण आजी म्हणाली, "बिदाईले बघसू."

पूनमची झोप उडाली. "काका, नाहीच आलं तर?"

अक्काने रुमालाला बाम लावून दिला. पूनमने तो परत केला. "खोटं रडून नाही जाणार मी."

*

बिदाईची वेळ. आजी गाडीला टेकून पूनमच्या तोंडाकडे टक लावून उभी. पूनम नानांच्या पाया पडली, उठली, आणि दोन्ही गालांवरून धारा! आजीने तिला पोटाशी धरलं.

डॉक्टरचं एक सांगायचं राहिलंच. कोरड्या डोळ्यांना वारा झोंबला की उलट पाणी वाहतं. पूनम गाडीत बसताना माझ्या कानाशी म्हणाली, "काका, वारा होता म्हणून बरं."

मी नानांना तेच सांगितलं, आजींना सांगितलं नाही.

आता कबूल करतो. वरच्या सगळ्यात खोटा तेवढा वारा. त्या दुपारी मांडवाची झालरसुद्धा हलत नव्हती.