लोखंडातली दुपार

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगवाल्यांमध्ये शब्बीरमियांना 'कागदवाले मिस्त्री' म्हणत. त्यात चेष्टा होती, तसं कौतुकही होतं. त्यांची लोखंड कातायची लेथ मशीन त्यांच्यापेक्षा वयानं मोठी. बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमधून त्यांनी ती उचलून आणली, तेव्हाच तिचा बेड झिजलेला होता. बेड म्हणजे मशीनचा लांब लोखंडी पाया. त्याच्यावरूनच हत्यार पुढेमागे सरकतं. डाव्या अंगाला, जिथं रोजचं काम चालतं तिथं, तो खोलगट झाला होता. अशा मशीनवर शाफ्ट धरला की एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघायचा. शब्बीरमिया मग सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढत, बोटांत चोळत, घडी घालत आणि हत्याराखाली नेमक्या जागी सरकवत. शाफ्ट सरळ निघे. स्वतः ते सिगारेट ओढत नसत. पाकिटं पानठेल्यावरून गोळा करून आणत, आणि त्यांची बायको सुग्राबी ती पलंगाखालून झाडून काढताना रोज एकदा कपाळाला हात लावी.

त्यांचा मुलगा अफरोज राजकोटला मशीनच्या कारखान्यात काही वर्षं राहून आला. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं,

"अब्बा, हे कागद कधीपर्यंत?"

"मी आहे तोवर."

"आन् मंग?"

"मंग तू पाह्य. तुले तर याहून भारी कागद सापडतीन. राजकोटवाला तू."

अफरोज हसला. त्यानं गोधडीत गुंडाळलेली एक जड लोखंडी पट्टी बाहेर काढली. तिची खालची बाजू अगदी सरळ होती. सोबत जुन्या कानशीला धार लावून केलेलं एक हत्यार. तिथल्या एका म्हाताऱ्या फिटरनं त्याला हातानं लोखंड खरवडायला शिकवलं होतं. पट्टीला निळा रंग पातळ लावायचा, ती बेडवर हलकेच घासायची. बेडचा जो भाग उंच असेल तिथं निळा ठिपका उमटतो. तेवढाच ठिपका खरवडायचा, पुसायचं, पुन्हा रंग. असं करत राहायचं, सगळीकडे सारखे बारीक ठिपके येईपर्यंत.

"इतक्यात तर माणूस हजला जाऊन येईन," शब्बीरमिया म्हणाले. पण जिनिंगचा हंगाम सरला तसं त्यांनी स्वतःच मशीनचे बोल्ट सोडले.

काम उजव्या टोकाकडून सुरू झालं. तो भाग सर्वांत कमी झिजलेला होता. तो एकदा नेमका सपाट झाला की त्याच्यावरून बाकीचा बेड मोजत न्यायचा होता. अफरोज पहाटे उजेड फुटता फुटता बसायचा आणि ऊन चढलं की हात पुसून उठायचा. बहीण अस्मा कॉलेजला सुट्टी लागल्यामुळे त्याच्या पट्टीला रंग लावून द्यायची. त्याच्या हत्याराची खूण नखाएवढी होती, चंद्रकोरीसारखी. ओळीनं अशा कोरी उमटल्या की लोखंडावर कुणी विणकाम केल्यासारखं दिसे.

पण मे महिना आला. मिरगाच्या आधी ट्रॅक्टरवाले, वखरवाले दुकानाच्या शटरशी येऊन उभे राहू लागले आणि उघडी मशीन पाहून दुसरीकडे जाऊ लागले. शब्बीरमियांचा जीव वरखाली होऊ लागला.

"दुपारी काहून बसत नाहीस?"

"अब्बा, हे सकाळचंच काम आहे. शटरमधून ऊन येते बेडवर. उन्हानं लोखंड फुगते."

"लोखंड का पापड आहे, फुगायले?"

शटरशी उभे असलेले सगळे हसले. अफरोजही हसला. दुकानामागच्या घरातून सुग्राबीचंही हसू ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून तो दुपारीही बसू लागला. वर टीन, समोर पश्चिमेचं शटर. सुग्राबी ताक घेऊन यायची, म्हणायची, "थोडा पड रे बाबा." तो म्हणायचा, "हे एवढं होऊ दे, अम्मी." उजवा भाग संपला त्या संध्याकाळी तो जेवला नाही. डोकं दुखते म्हणाला. अंग असं तापलं की सुग्राबीनं लावलेलं ओलं फडकं लगेच सुकायचं. जीप करून यवतमाळला नेलं. सकाळी त्याच जीपनं त्याची मय्यत घरी आणली.

मशीन तशीच उघडी राहिली. अफरोजनं केलेल्या भागावर शब्बीरमियांनी ग्रीस लावलं, वर पोतं टाकलं. तिथं कुणाला हात लावू देत नसत. सुग्राबीला मात्र ते अडवत नसत. ती अधूनमधून येऊन पोतं उचलायची, ग्रीसवरूनच त्या कोरींवर तळवा ठेवायची आणि आत जायची.

चाळीसावा झाला, पाऊस लागला. जिनिंगचा फोरमन धरमसिंग भेटायला आला. म्हणाला, "शब्बीरभाई, जोडून टाका जी तशीच. तुमचे कागद आहेत ना."

"कागद नाही लावत आता."

"मंग?"

"पोरानं अर्धं केलं. अर्धं मी करतो."

"तुम्हाले येते?"

"नाही येत."

शिकवायला अस्माच होती. भावाच्या शेजारी बसून तिनं जे पाहिलं होतं, तेवढंच. भंगारातून एक लोखंडी तुकडा आणला आणि शब्बीरमिया पावसाळाभर त्याच्यावर हात बसवत राहिले. आयुष्यभर मोटर लावून लोखंड कापलेला माणूस. हत्यार हातात आलं की दाबायचा. तुकड्यावर चर पडायचे.

"अब्बा, जोर हाताचा नाही. मागची मूठ पोटाशी टेकवा आन् अंगानं ढकला. भाईजान तसंच करे."

"पोट दुखते बेटा."

"एवढं पोट आहे, कधी तर कामी येऊ द्या."

किती दिवसांनी घरात कुणी हसलं होतं. त्यांच्या बेंबीच्या बाजूला काळानिळा डाग पडला. सुग्राबी तिथं तेल लावताना म्हणाली, "अफरोजलेही असाच होता. मले म्हणे, दरवाजा लागला." ती अजूनही नवऱ्याला 'अफरोजचे अब्बा' म्हणूनच हाक मारत होती. तेल लावून झाल्यावर म्हणाली, "त्यानं केलं तेवढं तसंच राह्यलं पाह्यजे हो."

"राहीन. त्याच्यावरूनच तर बाकीचं करायचं आहे," शब्बीरमियांनी शब्द दिला.

दिवाळीनंतर थंडी पडली. हात बसला होता. एका सकाळी बापलेकीनं पोतं काढलं, रॉकेलनं ग्रीस पुसलं. चंद्रकोरी जशाच्या तशा होत्या. अस्मानं पट्टीला रंग लावला, दोघांनी ती अफरोजच्या भागावर ठेवली, हलकेच घासली आणि उचलली.

दोन टोकांना निळं लागलं होतं. मध्ये सगळं कोरं.

"रंग कमी पडला असन," अस्मा म्हणाली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शब्बीरमियांनी जुन्या सवयीनं खिशातून चंदेरी कागद काढला आणि पट्टीच्या मध्याखाली सरकवला. तो कुठंही न अडता पलीकडे निघून गेला.

अस्मानं गार बेडवर हात ठेवून पाहिला. म्हणाली, "अब्बा, दुपारी पाहू."

दुपारी शटरमधून ऊन आत आलं आणि बेडवर पसरलं. थंडीतलं ऊन, तरी काही वेळानं लोखंड हाताला कोमट लागू लागलं. पट्टी ठेवली. मधोमध दोनचार फिके ठिपके आले. कागद आता अडकत अडकत गेला.

शब्बीरमिया स्टुलावर बसले. मे महिन्यात वरून तापलेला बेड मध्ये फुगला होता आणि अफरोजनं तो फुगवटा खरवडून सपाट केला होता. लोखंड थंड झालं, फुगवटा बसला, आणि खरवडलेल्या जागी खळगा राहिला. पोरानं काम चोख केलं होतं. त्या दुपारी ते बरोबरच होतं.

"त्याले माहीत होतं," ते म्हणाले. "त्यानं सांगतलं होतं मले."

"त्या टोकाले कोण जाते अब्बा," अस्मा घाईनं म्हणाली. "काम तर सगळं डाव्या बाजूले. राहू द्या ना तेवढं."

"त्याच्यावरून बाकीचं मोजलं तर सगळाच बेड तसा होईन. मंग त्यानं खोललीच कायले मशीन? माझे कागद होतेच."

अफरोजच्या खुणा खरवडून काढाव्या लागतील, हे सुग्राबीला सांगायला त्यांना दोन दिवस लागले. सांगताना पापडाचं बोलणं त्यांच्या तोंडून निघेना. "ते... मी म्हटलं होतं ना..." एवढ्यावरच अडायचं.

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "मीही हसली होती."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्यांच्यासोबत दुकानात आली. पोतं तिनंच उचललं. नेहमीसारखा तळवा टेकवला, पण आज लगेच काढला नाही. जणू कपाळावरच ठेवला होता.

"किती थंड आहे हे," ती म्हणाली. मग हात उचलून पदराला पुसला. "करा."

शब्बीरमियांनी हत्याराची मूठ पोटाशी टेकवली. पहिली कोर गेली. दुसरी गेली. टोकाकडून ते आत सरकत राहिले; जुन्या खुणांच्या जागी त्यांच्या स्वतःच्या खुणा पडत होत्या, थोड्या मोठ्या, थोड्या वाकड्या. अस्मा पुसत होती, रंग लावत होती.

दुपारचं ऊन आत यायच्या आधी सुग्राबी घरात गेली आणि जुनं बारदान घेऊन आली. स्टुलावर चढून तिनं ते पश्चिमेच्या शटरच्या लाकडी चौकटीला खिळ्यांनी ठोकलं. एक बाजू तिरपी बसली, म्हणून उपसून पुन्हा ठोकली. मग खाली उतरून बेडवर कुठं फटीतून ऊन येईल का, ते वाकून पाहत राहिली.