चेंबरवरची खुर्ची

हणमंतराव बिरादार आमच्या इमारतीत तळमजल्यावर, मागच्या अंगाला राहतात. वय शहात्तर. बायको वारलेली, मुलगी जहीराबादला. मूळचं घर बीदरकडचं, शेतकऱ्याचं. हे मात्र सिकंदराबादला रेल्वेत लागले आणि छत्तीस वर्षं यार्डात मालगाडीच्या डब्यांखाली झोपून दुरुस्त्या केल्या. बोलणं कमी. शुगर बरीच.

काचीगुड्यातली आमची इमारत तीन मजल्यांची, बारा घरांची. तळमजल्यावर मागे राहणं म्हणजे काय, हे वरच्यांना कळत नाही. बारा घरांची घाण एकाच पाइपातून खाली येते. लाइन पुढे तुंबली की ती वर चढत नाही, सगळ्यांत खालच्या संडासातून बाहेर येते. आम्ही वर निवांत फ्लश करायचो आणि हणमंतरावांच्या घरात कमोड गुडगुडायला लागायचा. दर दोन-अडीच महिन्यांनी हा प्रकार. बिल्डरनं लाइनला उतारच नीट दिलेला नाही.

मग ते दारोदार फिरायचे. "बाई, तासभर पाणी सोडू नका बगा." एवढंच. अंगणातल्या लहान चेंबरची झाकणं काढून बांबूच्या लांब कामट्या सारायचे. डायपर, फरशीची फडकी, ओले वाइप्स, काय वाट्टेल ते निघायचं. कुणाच्या घरचं म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. आम्हीही हळूहळू लाज सोडली. तुंबलं की, हणमंतरावांना सांगा. "त्यांना सवय आहे," असं एकदा मीच जिन्यात म्हणाले होते, आणि ते खाली उभे होते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात लाइन तुंबली ती लहान चेंबरात नव्हे. फाटकाजवळच्या मोठ्या चेंबरात. ते बारा-तेरा फूट खोल, कामटी तिथे पोचत नाही. हणमंतरावांच्या मोरीत घोटाभर पाणी. त्यांनी गाद्या टेबलावर चढवल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या सगळ्या घरांनाही संडासात पाणी ओतणं बंद करावं लागलं. मैला उपसणाऱ्या मशीनच्या गाडीसाठी नोंद केलेली होती, पण आमचा नंबर उद्या सकाळी. आमच्या ह्यांचं मांडीचं हाड मोडलेलं, आठ दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेलं. मी बेडपॅन कुठे रिकामा करायचा या विवंचनेत. अशात सोसायटीचा सेक्रेटरी सौरभ चेंबरात उतरून साफ करणाऱ्या यादय्याला घेऊन आला, तेव्हा मला बरंच वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

सौरभ पुण्याचा, आयटीतला, मुलगा वाईट नाही. यादय्या चाळिशीचा, बारीक, खांद्यावर दोर. असं आत उतरणं बेकायदा, म्हणून पोलीस बघत नाहीत ना, तेवढं विचारलं आणि शर्ट काढायला लागला.

हणमंतराव घरात गेले. बाहेर आले ते एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात लाल फडक्याची काठी. काठी झाकणाच्या भोकात रोवली, खुर्ची झाकणावर ठेवली आणि बसले.

"आत माणूस जात नसतो," ते म्हणाले.

सौरभ हसला. "काका, अर्ध्या तासाचं काम आहे. तो रोज करतो."

"उद्या मशीन येणार हाय. तवर थांबायचं."

"बारा घरं थांबतील?"

"माझ्या घरात गू तरंगतोय. मी थांबलोय ना?"

सौरभनं काठीला हात घातला तेव्हा मात्र हणमंतरावांचा आवाज चढला. तो मी तेवढा एकदाच ऐकला. डब्याखाली माणूस गेला की गाडीला लाल झेंडा लावतात, आणि ज्यानं लावला त्यानंच तो काढायचा. स्टेशनमास्तर आला तरी हात लावत नाही. हे त्यांनी यार्डातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. सौरभनं हात मागे घेतला.

यादय्या भिंतीशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "बुढ्ढे साब, मेरा दिन जाता. मेरा पेट तुम भरते क्या?"

हणमंतरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याच्या जिवावरून दुपारपर्यंत इमारतभर वाद चालला आणि त्याच्याशी एक शब्द कुणी बोललं नाही, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

दोनच्या सुमाराला सौरभ वर आला. "काकू, तुम्ही सांगून बघा. तुमचं ऐकतील."

"आणि नाही ऐकलं तर?"

"किती वेळ बसणार? शुगर आहे त्यांना, दर तासाला बाथरूमला जावं लागतं. उठले की झाकण काढू." हे त्यानं दुष्टपणानं म्हटलं नाही. हिशेब मांडावा तसं म्हटलं. सकाळपासून सगळे हणमंतराव उठण्याचीच वाट पाहत होते.

मी तणतणतच खाली उतरले. ह्यांचे हाल, जिन्यात भरलेली दुर्गंधी, सगळं त्यांना सुनवायचं ठरवून. जवळ गेले आणि पाहिलं. खुर्चीखाली झाकण ओलं होतं. पायजमा दोन्ही मांड्यांवर चिकटला होता. हणमंतराव समोरच्या भिंतीकडे बघत होते.

छत्तीस वर्षं नोकरी केलेला, रोज इस्त्रीचा सदरा घालणारा माणूस.

मी वॉचमनची खुर्ची ओढून आणली. "जा, कपडे बदलून या. मी बसते."

"झेंडा माझा हाय, बाई."

"झेंड्याला हात लावत नाही. राखण करते. यार्डात राखणीला दुसरा माणूस चालत नाही का?"

"चालतो."

"मग उठा. आणि इथून रिक्षा करून स्टेशनवरच्या संडासात जाऊन या, तुमच्या घरात कुठे जाणार?"

ते उठले. त्यांच्या मागे सौरभ येऊन उभा होता. त्यानं ओलं पाहिलं आणि मान वळवली. मी त्याला म्हटलं, "मला शुगर नाही. बस वाट बघत." तो वर गेला. मग संध्याकाळपर्यंत आम्ही आळीपाळीनं बसलो. यादय्या पाचला उठला, शर्ट घातला. जाताना हणमंतरावांच्या समोर उभा राहिला.

"आज तुम बैठे. कल अफजलगंज में काम है, लॉज के पीछे. वहाँ कौन बैठता?"

दुसऱ्या दिवशी नऊला मशीनची गाडी आली. हणमंतरावांनी स्वतःच्या हातानं काठी काढली, फडकं झटकलं आणि बाजूला झाले. गाडीवाल्यानं झाकण सरकवलं आणि वायू मोजायचा मीटर दोरीला बांधून आत सोडला. मीटर ओरडायला लागला. त्यानं सगळ्यांना फाटकाबाहेर हाकललं.

"वास तर कालच्याएवढाच आहे," सौरभ म्हणाला.

"वास पे मत जाओ साब," गाडीवाला म्हणाला. "ये गैस ज्यादा हुई तो नाक मर जाती. वास आनाच बंद. आदमी समझता, हवा साफ हो गई."

सडक्या अंड्याचा वास; प्रमाण वाढलं की घ्राणेंद्रिय बधिर. सुलतान बाजारजवळच्या मुलींच्या कॉलेजात एकतीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी हे फळ्यावर लिहिलं. प्रयोगशाळेत खिडक्या उघडल्याशिवाय त्या वायूच्या उपकरणाला कुणाला हात लावू दिला नाही. काल सबंध दुपार मी त्या झाकणावर बसले होते, यादय्या पाच हातांवर होता, आणि त्याला हे सांगावं असं माझ्या मनात आलं नाही.

मी हणमंतरावांना तसं सांगितलं.

"तुम्हाला ठावूक होतं?"

"हो."

"मला नव्हतं. मानसं मरतात, एवढंच पेपरात वाचलेलं." मग म्हणाले, "मी तरी काय सांगितलं त्याला? डबा थांबवावा तसं थांबवलं." आणि लगेच, "अफजलगंज म्हणाला. चला."

मी घरात सांगून चपला घातल्या. रिक्षावाल्याला लॉजचं नाव सांगता येईना, कारण ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. अफजलगंजात लॉज काय एक आहे? तीन लॉजच्या मागच्या गल्ल्या पाहिल्या. हणमंतराव चालताना धापा टाकत होते, मध्ये एकदा कचराकुंडीच्या आडोशाला जाऊन आले. थांबू म्हटलं तर ऐकेनात.

चौथ्या गल्लीत झाकण उघडं होतं. दोर आत सोडलेला. हणमंतरावांनी माझा दंड धरला, तो आधारासाठी की भीतीनं, मला सांगता येणार नाही.

यादय्या पलीकडे ओट्यावर बसला होता. छातीपर्यंत चिखल, हातात चहाचा ग्लास. आम्हाला पाहून तो हसला नाही.

"देखो, जिंदा हूँ," तो म्हणाला. "आधा हुआ. चाय पी के बाकी का करता."

"आत वास होता?" हणमंतरावांनी विचारलं. त्याला मराठी कळेना तेव्हा पुन्हा, "बास थी क्या अंदर?"

"पहले थी, भौत. फिर चली गई. सर दुखा थोड़ा."

मी त्याच्यासमोर ओट्यावर बसले आणि सांगितलं. वायू कसला, नाक का मरतं, त्यानंतर शुद्ध कशी जाते. माझी हिंदी पुस्तकी आहे, पण त्याला कळत होतं. त्यानं ग्लास खाली ठेवला.

"अठरा साल से उतरता मैं," तो म्हणाला. "किसी ने नै बोला." मग, "बास जाने के बाद कितनी देर?"

मी प्रमाणाचं काहीतरी सांगू लागले, इतकं असलं तर इतकी मिनिटं. हणमंतरावांनी मला थांबवलं.

"मालूम नै," ते म्हणाले. "जिनको मालूम हुआ, वो बताने को ऊपर नै आए."

यादय्या त्या भोकाकडे पाहत बसला. लॉजचा माणूस मागच्या दारातून डोकावला आणि उरलेलं कधी करणार म्हणून खेकसला. यादय्यानं उठून दोर वर ओढला आणि कोपरावर गुंडाळू लागला. लॉजवाल्यानं अर्धं काम, अर्धा पैसाही नाही, असं ऐकवलं. यादय्यानं तेही ऐकून घेतलं.

दोर खांद्यावर टाकून तो हणमंतरावांना म्हणाला, "कल बी खाली हाथ गया, आज बी. शाम को मेरी औरत को तुम आके बोलो, क्यों नै लाया पैसे."

"हौ," हणमंतराव म्हणाले. "पत्ता बोलो."

संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून, दोन बस बदलून ते गेले.