कॅनडा माझ्याकडे होता

परवा माजलगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, गेले होते. थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे आले की मोंढ्यात एक चक्कर मारायची, हा माझा जुना नाद. विकत घ्यायचं काही नसतं. नव्या तुरीचा, गोणपाटाचा, धुळीचा आणि तापलेल्या पत्र्याचा जो एकजीव झालेला वास तिथे असतो, तो छातीत भरून घ्यायचा आणि परत यायचं. एका आडतीच्या ओट्यावर वाटाण्याची पोती रचलेली दिसली. पिवळसर, गोल गरगरीत, आपल्या काळ्या मातीशी कसलीच ओळख नसलेला वाटाणा. कुठला म्हणून विचारलं, तर दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "कॅनडा." जणू गेवराईहूनच आला होता! मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तशीच उभी राहिले. हमाल म्हणाला, "बाई, सरका की." मी सरकले. आता त्या बिचाऱ्याला मी काय सांगणार, की बाबा रे, एक वर्षभर हा देश माझ्याकडे होता!

अंबाजोगाईच्या शाळेत दहावीला आम्हांला इतिहास शिकवायला जे सर होते, त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात ते वर्गात देश वाटायचे. फळ्याशी उभं राहून एकेकाला हाक मारायची आणि देश हवाली करायचा. मग वर्षभर त्या देशाचं बरंवाईट त्याच्या गळ्यात. हुशार मुलांनी जर्मनी, इंग्लंड, फ्रान्स आधीच पटकावले. माझी गावाकडची यष्टी उशिरा आली म्हणून मी वर्गात पोचले तेव्हा उरलंसुरलं वाटप चाललं होतं. माझ्या वाट्याला कॅनडा आला. मी फुरंगटून म्हणाले, "सर, पुस्तकात कॅनडाचं एकच वाक्य हाय." सर म्हणाले, "मंग लईच बरं झालं. बाकीचं तू हुडकून काढ." कुणीतरी विचारलं, हिंदुस्थान कुणाकडे? "त्यो ऱ्हाऊ द्या माझ्याकडं," असं म्हणून त्यांनी डस्टर टेबलावर ठेवलं.

'तात्कालिक कारण' हा शब्द उच्चारला की सरांच्या कपाळावर आठी पडे. पहिल्या महायुद्धाचं तात्कालिक कारण दोन गुणांना हमखास यायचं. आम्ही ते पाठ करून बसलेलो असायचो: राजपुत्र, राजधानी, गोळी. सर म्हणायचे, कडब्याची गंजी पेटली तर काडी कुणी टाकली एवढंच विचारू नका. गंजी घराला चिकटून कुणी रचली, ते विचारा. मग ते एकेक पेंढी काढून दाखवत. वसाहतींची हाव, आरमाराची चढाओढ, छुपे करारमदार, 'तू उठलास तर मी उठेन' अशी एकमेकांना दिलेली वचनं. आणि हे सगळे राजे एकमेकांचे मावसभाऊ, आतेभाऊ, सोयरेधायरे! हे ऐकून वर्गात खसखस पिकली, कारण भावकी म्हणजे काय हे आमच्यापैकी कुणाला शिकवायची गरज नव्हती.

मग वर्गात प्रत्यक्ष युद्ध सुरू झालं. ज्याचा देश लढाईत उतरेल त्याने बाकावरून उठायचं. ऑस्ट्रिया उठला, त्याच्यासमोर रशिया उठला, जर्मनी उठला, फ्रान्स उठला, इंग्लंड उठलं. मी आपली मजा बघत बाकावर बसलेली. सर माझ्याकडे वळले. "तू कावून बसलीस?" मी म्हणाले, माझं कुणाशी भांडण नाही. "इंग्लंड उठलं न्हवं? म्हंजी तू बी उठली. तुला कुणी इचारत न्हाई." मी उठले. मनातून इतकी चरफडले की काय सांगू. समुद्रापलीकडचं कुणाचं तरी भांडण, आणि आपण नुसतं उभं राहायचं?

पण त्या रागानेच मी कॅनडाच्या मागे लागले. शाळेच्या वाचनालयातले जाडजूड ग्रंथ उपसले, सरांना प्रश्न विचारून भंडावलं. आणि हळूहळू त्या शिल्लक उरलेल्या देशाविषयी मला भलतंच प्रेम वाटू लागलं. बेल्जियमच्या मैदानावर विषारी वायूचा पिवळा-हिरवा लोट जमिनीलगत सरकत आला, शेजारची फळी मोडली, तेव्हा ओल्या चिंध्या तोंडाला बांधून खिंडार अडवून धरणारी ती गव्हाच्या मुलखातली पोरं. फ्रान्समधली एक टेकडी दोन मोठ्या फौजांना घेता आली नव्हती. ह्यांनी काय केलं, तर पिछाडीला जमिनीवर फिती लावून त्या टेकडीचा आराखडा आखला, त्यावरून पुन्हा पुन्हा चालून बघितलं आणि मग खरी टेकडी घेतली. पेरणीआधी कोरड्या रानात पाभर फिरवून बघावी तसं हे वागणं मला फार आवडलं. त्यांच्यातही सगळे एका सुरात बोलत नव्हते. फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातले लोक सक्तीच्या भरतीला हटून बसले, रस्त्यावर उतरले. सर हेही आवर्जून सांगायचे. म्हणायचे, ज्या घरात सगळे हो म्हणतात, त्या घरात कुणीतरी गप्प बसवलेला असतो.

हिवाळा संपता संपता दुसरं महायुद्ध आलं. पोलंडवर जर्मनी चालून गेला, इंग्लंड उठलं आणि त्याच्यापाठोपाठ अंगवळणी पडल्याप्रमाणे मीही उठले. सर म्हणाले, "बस खाली." मी गोंधळले. "आता तुझ्या पार्लमेंटला सोता ठरवायचा हक्क हाय. या बारीला तुला इचारनार हायेत. इंग्लंड उठल्यावर कॅनडा आठवडाभर बसला व्हता. तू बी बस. इचार कर आन मंग ऊठ." मी बसले. बघते तर सर स्वतः खुर्ची सोडून इंग्लंडच्या बाजूला जाऊन उभे राहिलेले. मी विचारलं, "सर, तुमी कावून उभे?" ते म्हणाले, "हिंदुस्थानला कोन इचारतंय? पयल्या बारीला न्हाई, दुसऱ्या बारीला बी न्हाई. आन आपन तर निजामाच्या राज्यातले. गुलामाचे बी गुलाम!" वर्ग हसला, तेही हसले. पण तास संपेपर्यंत खुर्चीवर बसले नाहीत.

माझा कॅनडा असा विचार करत बसलेला असतानाच आमच्या घरी निरोप आला.

आक्काचं लग्न होऊन वर्ष झालेलं होतं. माजलगावच्या कालव्याखालचं घर, उसाचं रान, आमच्या कोरडवाहू गावाला अप्रूप वाटावं असं सगळं. पण पाणी आलं की पाण्याच्या पाळीचं भांडणही येतं. त्यांच्या शेजारच्या घराशी चारीवरून, म्हणजे कालव्यातून रानात पाणी आणणाऱ्या पाटावरून, तेढ वाढत गेली होती. आक्काचा दीर दुपारी मोटारसायकलवर आला, पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "उद्या सकाळी आमची पाळी हाय. ती लोकं आडवी येनार. मानसं घिऊन या." माझे वडील, आण्णा, म्हणाले, "येतो." एवढंच. आमच्याकडे रीतच तशी. सोयऱ्याचा निरोप आला की जीप भरायची. भांडण कशाचं, चूक कुणाची, हे विचारणं म्हणजे सोयरिकीचा अपमान. माझ्या चुलत्याचा पाय असल्याच एका निरोपापायी कायमचा अधू झाला होता, आणि तोही त्या दुपारी लंगडत ओट्यावर येऊन तयार बसला. थोरल्या भावाने आढ्याला खोचलेल्या काठ्या खाली काढल्या. तो एकवीस-बावीसचा, अंगात रग, डोळ्यांत चमक.

मी बोलून गेले. "आण्णा, तुमी येतो म्हनलात. पर कुणाला इचारलं?"

"काय इचारायचं त्यात? सोयरे हायेत."

मग मी सगळं सांगितलं. इंग्लंड उठलं म्हणून उठलेला कॅनडा, मग तो वायूचा लोट, तो चिखल, परत न आलेली पोरं. भाऊ हसून म्हणाला, "तुझ्या कॅनडाला म्हनावं, बस जीपमधी." पण आण्णा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मंग दुसऱ्या बारीला काय केलं त्यांनी?"

"आधी बसून ठरवलं. मंग गेले."

"म्हंजी गेलेच की."

"गेले. पर सोताच्या पायानं गेले."

आणि मग आण्णांनी जे केलं ते त्या घरात आधी कधी घडलेलं मला तरी आठवत नाही. त्यांनी मायला चुलीपासून बाहेर बोलावलं आणि विचारलं, "तुला काय वाटतंय?" मायला आधी वाटलं, थट्टा चाललीय. तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "जायाचं तर हायच. लेक दिलीय तिथं. पर काठ्या कुणावर उचलायच्या ते आपन हितं बसून कावून ठरवायचं? जिच्या दारात रगत सांडनार, तिला कुणी इचारलंय का?" वर म्हणाली, "मी बी येते."

भाऊ चिडला. गावात तोंड कसं दाखवायचं, म्हणाला. पण सकाळी जीप निघाली ती काठ्या घरी ठेवून, आणि पुढच्या सीटवर माय. भांडणाच्या जीपमध्ये बाई बसलेली आमच्या गावाने पहिल्यांदाच पाहिली असेल.

मी त्या दिवशी तिथे नव्हते. हे सगळं मायकडून आणि पुढे आक्काकडून ऐकलेलं, आणि आश्चर्य म्हणजे दोघींचं सांगणं जुळतं. चारीच्या पलीकडे दुसऱ्यांचेही सोयरे आलेले होते, मांजरसुंब्याकडून टेम्पो भरून. ते का आले? तर आमची माणसं येणार असं कळलं म्हणून. आणि आमच्या माणसांना का बोलावलं? तर ते येणार असं कळलं म्हणून. माय चारीकडे गेलीच नाही. ती सरळ घरात शिरली, आक्काला हाताला धरून बाहेर घेऊन आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बोल बाई. तुला काय पायजे?"

एकोणीस वर्षांची, वर्षभरापूर्वी त्या घरात आलेली सून. डोईवरचा पदर घट्ट धरून ती सासऱ्याकडे बघत म्हणाली, "मामा, पान्याची पाळी फिरून यील. माझा भाऊ फिरून येनार न्हाई. मला ही मारामारी नगं."

चारीतलं पाणी तेवढं वाहत होतं म्हणे. मग पलीकडच्यांचा एक म्हातारा हातातली काठी बांधावर आडवी ठेवून खाली बसला. एक बसल्यावर दुसरा बसला. माणसं बसली की बोलावंच लागतं. उन्हं डोक्यावर येईपर्यंत बोलणी चालली आणि पाळी आधी कुणाची, नंतर कुणाची, ते ठरलं. आक्काला मात्र ते महागात पडलं. सासरा सगळा हंगाम तिच्याशी बोलला नाही. ताटावर बसला तरी तोंड फिरवून. जावा टोमणे मारायच्या. तिने ते सगळं सोसलं आणि एका शब्दानेही माहेरी तक्रार केली नाही. मी पुष्कळ शूर माणसांविषयी वाचलंय. पण माझ्या आक्काएवढं धाडस मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेलं नाही, आणि हे म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

पुढच्या तासाला मी वर्गात उभी राहिले. म्हणाले, "सर, कॅनडा येतोय." त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं? "कुणी न्हाई. आमी बसून ठरवलं." सर म्हणाले, ये. आणि मग आम्ही मिळून ते युद्ध लढलो. अटलांटिकच्या वादळात गव्हाची जहाजं सांभाळत नेली, एका किनाऱ्यावर सपाटून मार खाल्ला, दुसऱ्यावर पाय रोवले, उपाशी हॉलंडमध्ये भाकरी घेऊन शिरलो. सरांना घरची हकिकत मी पुष्कळ दिवसांनी सांगितली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पहिला प्रश्न विचारला तो आक्काचा: "आता बोलतो का सासरा तिच्याशी?"

आता सर नाहीत. आण्णाही गेले. उसाच्या रानात ठिबकच्या नळ्या आल्या, चारी जागोजागी फुटून गेली, आणि ज्या पाण्यावरून माणसं जिवावर उठली होती ते पाणी कितीदा तरी धरणातच आटलं. सनावळ्या मी केव्हाच विसरले. तहांची कलमं तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच विसरले होते. इतिहासाने मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मला एकच दुपार आठवते.

बारावीनंतर एका दुपारी मला मागणी घालायला पाहुणे आले. घर चांगलं, बागायत होती, मुलगा नोकरीला. आण्णा जागच्या जागी 'देतो' म्हणू शकले असते. त्यांच्या वयाच्या कुठल्याही बापाने तेच केलं असतं. ते उठून परसात आले. मी धुणं वाळत घालत होते. दोरीच्या पलीकडे ते अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "लोकं बरी वाटत्यात. तुला काय वाटतंय?" मला शिकायचं होतं, पण ते विचारल्यावर सांगायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी कशीबशी म्हणाले, मला विचार करायला वेळ पाहिजे. ते "घे" म्हणाले आणि परत गेले. आतून मला त्यांचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखाच जाड, शांत. ते पाहुण्यांना सांगत होते, "पोरगी इचार करतीय. थांबावं लागंल."