भायांचं नाव

आमच्याकडं थोरल्या दिराला भाया म्हणतात. भायांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही आणि त्यांचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही. मी या घरात आले तेव्हापासून हे असंच चाललेलं. ताट वाढलं की पोरांना सांगायचं, मोठ्या बाबांना म्हणावं जेवायला या. पोरं घरात नसली तर मांजराला सांगायचं, आणि मांजरही नसलं तर चुलीला. भाया ऐकायचे आणि पाटावर येऊन बसायचे. त्यात कुणाचंच काही अडलं नाही. अडलं ते जिनिंगमध्ये.

दिवाळी झाली की दिंद्रुडच्या बाजूला कापसाच्या गाड्या दिसायला लागतात. मी जिनिंगवर कापसातली कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, आणि पालापाचोळा वेचायला जाते. भाया तिथले जुने माणूस. मशीनखाली एक लांब रबरी पट्टा असतो, सरकी निघालेली रुई तो पुढं वाहून नेतो. हा पट्टा एका ठिकाणी खड्ड्यातून जातो. तिथल्या रोळाला रुई गुंडाळली गेली की पट्टा अडतो, मग कुणीतरी खाली उतरून ती कापून काढायची. ते काम भायांचं.

मागल्या हंगामाच्या सुरुवातीला शेठनं बीडहून सेफ्टीचे साहेब बोलावले होते. पोरगेलेसे, पण नीट समजावून सांगणारे. बायांनी पदर खोचून वरून कोट घालायचा, वेणी टोपीत घ्यायची, रुईच्या आसपास काडी ओढायची नाही. हे सगळं आम्हाला पटलं. मग ते म्हणाले, लाईट गेली म्हणजे मशीन बंद झालं असं कधी समजायचं नाही. खड्ड्यात उतरणाऱ्यानं आधी पॅनलवरचं हँडल खाली पाडायचं, लाल पाटी लावायची, पॅनलवाल्याला सांगायचं आणि मगच उतरायचं. आणि कुणी चुकताना दिसलं तर बघणाऱ्यानं त्याच्या नावानं ओरडायचं. नुसतं थांबा थांबा नको, कारण शेडमध्ये दिवसभर सगळेच थांबा म्हणत असतात, कुणी मान वळवत नाही.

त्यांनी आम्हाला सराव करायला लावला. प्रत्येकीनं समोरच्या माणसाचं नाव घेऊन हाक मारायची. माझ्यासमोर भायाच उभे. मी तोंडाला पदर लावला. बाया फिदीफिदी हसायला लागल्या. साहेबांना काही उमगेना. शेवटी माझ्या शेजारची म्हणाली, "साहेब, त्यांचे भाया हायत ते. नाव घेत न्हाईत." साहेबांनी जरा विचार केला आणि पुढच्या बाईला हाक मारायला सांगितलं. मला सुटल्यासारखं झालं.

पुढं महिनाभरानं असेल, दुपारच्या वक्ताला लाईट गेली. जिनिंग एकदम थांबली की कानात सूं होतं, दुसरं काही ऐकू येत नाही. पुरुष माणसं बाहेर सावलीला गेली. पॅनलवरचा गडी ट्रकवाल्याशी बोलत फाटकाशी उभा राहिला. आम्ही दोघी-तिघी ढिगाजवळच बसून राहिलो, तिथून खड्डा हाकेच्या अंतरावर.

भाया आले. रोळाकडं वाकून बघितलं, कमरेची सुरी काढली आणि खाली उतरले.

मी पॅनलकडं पाहिलं. हँडल वरच होतं. लाल पाटी भिंतीच्या खिळ्याला तशीच लटकलेली. बरं, भाया काही अडाणी कामगार नव्हेत. पण आमच्याकडं लाईट दिवसातून इतक्यांदा जाते की गेलेली लाईट म्हणजे मोकळा वेळ, असं अंगातच भिनलंय. विहिरीवरची मोटर असो का पिठाची गिरणी, लाईट गेली की माणूस बिनघोर हात घालतो.

मी शेजारणीला म्हणाले, त्यांना म्हणावं हँडल पाडलं नाही. तिनं कानाला घट्ट रुमाल बांधलेला. काय म्हणाली, असं तिनं मानेनंच विचारलं. मी परत सांगितलं. तिनं हात झटकला, म्हणाली, लाईट कुठं हाय आता, निघतील की. आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मी उठले. पॅनलवाल्याला जाऊन सांगावं म्हणून चार पावलं टाकली असतील, तोच वरचे दिवे लागले.

तो गडी फाटकावरून तंबाखू थुंकून लगबगीनं आला. लाईट आली की त्याला आधी पंखे लावायचे असतात, मग पट्टा, मग एकेक मशीन. पंखे सुरू झाले. शेडमध्ये घरघर भरली. मी मागं वळून खड्ड्याच्या काठाशी आले. खाली भायांची पाठ आणि रोळावर टेकलेला हात दिसत होता. डोकं पट्ट्याच्या खाली. पंख्याचा आवाज त्यांना आला नसेल असं नाही, पण पट्टा लागायच्या आत उरकतो असा हिशोब असणार.

मी म्हणाले, बाहेर निघा म्हणावं.

कुणाला म्हणावं? काठावर मी एकटी. तरी तोंडातून तेच निघालं, म्हणावं. मग मी सरळ ओरडले, ओ, वर या. भायांची पाठ हलली नाही. पॅनलवाल्याकडं पाहून थांबा थांबा केलं, त्यानंही मान वळवली नाही. त्याचा हात पुढच्या बटणाकडं चाललेला मला दिसला.

मी भायांचं नाव घेतलं. पुरं, आडनावासकट, छातीतून. ते नाव मी इथं लिहीत नाही.

पॅनलवाल्याचा हात हवेतच राहिला. तो आमच्याच गावचा. नंतर मला म्हणाला, "काकू, तुमच्या तोंडून ते नाव ऐकलं आणि मला वाटलं, माणूस गेलाच." त्यानं लाल बटण दाबलं. पंखे हळूहळू थांबले.

भाया वर आले. मिशांना, भुवयांना रुई चिकटलेली, हातात सुरी तशीच. कापसाच्या गाठीवर बसले. मुकादम धावत आला आणि त्यांच्यावर चिडला.

"दादा, हँडल पाडायचं कावून विसरलाव?"

"लाईट गेलती की," भाया म्हणाले.

"लाईट गेलती. मशीन कुठं बंद केलती तुमी?"

भायांनी सुरी कमरेच्या म्यानात खोचली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मी पदरासारखी टोपीच पुढं ओढली आणि ढिगाजवळ जाऊन बसले, पण कापूस आणि कवडी मला वेगळी दिसेना.

सुटी झाल्यावर ते पुढं, मी मागं, असे घरी आलो. मला वाटलं, आता घरात बोलणी बसणार. चारचौघांत भावजयीनं नाव घेतलं, गावभर झालं असणार. भाया ओट्यावर बसले आणि आपल्या बायकोला, म्हणजे माझ्या जावेला, त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. मी आत भाकरी थापत होते, कान बाहेर. ते थोडकंच बोलले.

जाऊबाई आत आल्या. चुलीसमोर बसल्या, जाळ उगीच पुढं सारला. मग हळूच विचारलं, "कसं गं घेतलंस?"

मी म्हणाले, कळलं नाही, निघालं तोंडातून.

"मी उखाण्यात घेतलं तेवढंच," त्या म्हणाल्या. मग माझं पीठ लागलेलं मनगट धरलं. "उद्या परत तसेच उतरले तर परत घे. मोठ्यानं घे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच रोळ अडला. लाईट होती. भाया पॅनलशी गेले, हँडल स्वतःच्या हातानं पाडलं, पाटी लावली, गड्याला दोनदा सांगितलं. मग खड्ड्याकडं आले. उतरायच्या आधी त्यांनी मी कुठं बसलेय ते बघून घेतलं. मी टोपली खाली ठेवली आणि काठाशी जाऊन उभी राहिले. ते वर येईपर्यंत मी त्या गड्याच्या हातावरची नजर काढली नाही.